'आम्हाला फक्त रंग द्यायचाय': दुरुस्तीच्या प्रपोजलचं पहिलं पान कसं लिहावं

सोसायटीकडून येणारं पत्र बहुतेक वेळा एका ओळीचं असतं. 'आमच्या इमारतीस बाहेरून रंग द्यावयाचा आहे, तरी कोटेशन पाठवावे.' तुम्ही जाऊन बघता. पहिल्याच फेरीत कळतं की विषय रंगाचा नाही. छज्ज्याखालून सळ्या डोकावतायत, जिन्यातल्या बीमला सळीच्या रेषेत सरळ भेग गेलीय, टॉयलेटच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या पोकळीत, तर बघवत नाही. तुम्ही ऑफिसात येऊन प्रामाणिकपणे सगळं लिहून काढता आणि जाडजूड प्रपोजल पाठवता. सोसायटी पेंटरला बोलावते.

माझं असं पहिलं प्रपोजल ४२ पानांचं होतं. आठवड्याने सेक्रेटरींचा फोन आला. "तुमचं छान आहे हो, पण तुम्ही फारच मोठं काम काढलंत. आम्हाला काही एवढा प्रॉब्लेम नाहीये." मला वाटलं, भाव पाडून मागतायत. दहा टक्के कमी करून परत पाठवलं. त्याला उत्तरसुद्धा आलं नाही. आता लक्षात येतं की त्यांना माझा रेट जास्त वाटलाच नव्हता, काम अनावश्यक वाटत होतं. नको असलेली वस्तू दहा टक्के स्वस्त झाली म्हणून कोण घेतं?

पुढे जे लिहिलंय ते इमारत दुरुस्तीच्या धंद्यात नव्याने आलेल्या इंजिनीअर मुलामुलींसाठी आहे. पद्धत, मटेरियल, बीओक्यू (कामाच्या बाबी, मापं आणि दर यांचा तक्ता) हे तुम्ही शिकालच. समोरच्याच्या तोंडून 'हो, हे बघायला पाहिजे' हे वाक्य कसं निघतं, एवढंच इथे बघू. ते निघालं नसेल तर बीओक्यू कितीही चोख असो, रद्दीत जातो.

पायरी १: वर बघण्याआधी विचारा

गेल्या गेल्या मान वर करून स्लॅब बघू नका. आधी ऑफिसात बसा, चहा घ्या आणि एकच प्रश्न टाका: "रंगाचा विषय यंदाच का निघाला?"

उत्तर कधी 'शेजारच्या सोसायटीने दिला' असं येतं, कधी 'सात वर्षं झाली'. पण पाच मिनिटांनी कोणीतरी हळूच सांगतं की मागच्या महिन्यात पार्किंगमधल्या गाडीवर प्लास्टरचा तुकडा पडला. कमिटी सांगत नसेल तर वॉचमन सांगतो. म्हणजे काहीतरी बिघडलंय हे त्यांना माहीत आहे, त्याला ते 'रंग' म्हणतायत एवढंच. दात दुखला की माणूस आधी लवंग शोधतो, तशातलाच प्रकार.

मग विचारा: आधीचं काम कधी झालं, कोणी केलं, किती लागले, किती पावसाळे टिकलं? आणि त्रास कोणाच्या घरात आहे? त्या घरांत स्वतः जा. चौथ्या मजल्यावरच्या एक काकू मला म्हणाल्या होत्या, "दर जुलैत या कोपऱ्यात बुरशी येते, आम्ही कपाट पुढे ओढतो आणि दिवाळीला परत मागे ढकलतो." हे वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं. 'वरच्या मजल्यावर ओलाव्याची तक्रार' असं सुधारून लिहू नका. प्रपोजलमध्ये कपाटाचंच वाक्य जाणार आहे, कारण ते वाचून कमिटीतला प्रत्येक जण ओळखतो की हा माणूस आपल्या इमारतीत येऊन गेलाय.

सोसायटी म्हणजे एक क्लायंट नसतो, हेही याच फेरीत कळतं. काकूंचा प्रॉब्लेम बुरशी आहे. तळमजल्याच्या दुकानदाराला बुरशीशी देणंघेणं नाही, त्याला दुकानावर परांची लागेल याची काळजी. भाड्याने फ्लॅट देऊन बाहेरगावी राहणाऱ्या मालकाला मेंटेनन्स वाढू नये एवढंच हवं. खजिनदाराला ऑडिटरची भीती. सेक्रेटरीला, खरं सांगायचं तर, दर रविवारी कुणाच्या तरी शिव्या खायचा कंटाळा आलेला असतो. तुम्ही 'सळ्यांना गंज' म्हणालात तर तो यांच्यापैकी एकाचाही प्रॉब्लेम नसतो. गंजापासून प्रत्येकाच्या प्रॉब्लेमपर्यंत रस्ता तुम्हाला काढून द्यावा लागतो.

पायरी २: हातोडी त्यांच्या हातात द्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. इथे वेळ काढा.

३२ फ्लॅट आणि दोन विंगांची एक सोसायटी होती. खाली पार्किंग, वर चार मजले. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, शब्द मोजून बोलणारे आणि 'सगळे कॉन्ट्रॅक्टर सारखेच' या मताचे. पार्किंगमध्ये आम्ही फिरत होतो. मी लहान हातोडीच्या लाकडी दांड्याने एक बीम ठोकला. टक्, टक्. भरीव. दोन फूट पुढे ठोकला. बद्, बद्. काहीच बोललो नाही. हातोडी त्यांच्याकडे दिली आणि पुढच्या बीमकडे बोट दाखवलं. त्यांनी इकडे तिकडे बघत, जरा लाजतच ठोकलं. मग कान लावून परत. मग पलीकडच्या बीमवर. चौथ्या बीमला ते थांबले आणि म्हणाले, "हे आतून सुटलंय की काय?"

हा प्रश्न त्यांचा होता. मी तोच अर्धा तास समजावून सांगितला असता तर ते माझं मत झालं असतं, आणि कॉन्ट्रॅक्टरचं मत म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा स्वार्थ. संध्याकाळी तेच गृहस्थ चेअरमनना घेऊन खाली आले आणि स्वतः ठोकून दाखवायला लागले.

काही पथ्यं मात्र पाळा. लटकलेल्या प्लास्टरखाली रहिवाशांना उभं करू नका. छज्जे आणि डक्ट फक्त आपण ठोकायचे, तेही बाजूला उभं राहून, हेल्मेट घालून. आणि पोकळ आवाज म्हणजे गंज असं ठामपणे म्हणू नका. कित्येकदा नुसतं प्लास्टर काँक्रीटपासून सुटलेलं असतं आणि आतला बीम ठणठणीत असतो. म्हणून लेखी परवानगी घेऊन एक जागा, वीतभर, सगळ्यांसमोर उघडा. आत सळी निघेल ती निघेल. एकदा मी मोठ्या आत्मविश्वासाने उघडलं आणि काँक्रीट स्वच्छ निघालं. कमिटी हसली, मीही हसलो, आणि पुढच्या बीमबद्दल मी जे बोललो ते त्यांनी जास्त लक्ष देऊन ऐकलं.

ताज्या फुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारून दाखवता आला तर फारच उत्तम. चांगलं काँक्रीट गर्द गुलाबी होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मेलेलं काँक्रीट बिनरंगच राहतं. दहावीच्या प्रयोगशाळेतला रंग आपल्या घराच्या बीमवर बघताना माणसं गप्प होतात. तेव्हाच दोन वाक्यांत सांगा: नव्या काँक्रीटचा सामू १२-१३ असतो, त्यामुळे सळीवर एक पातळ संरक्षक पापुद्रा टिकून राहतो, सामू नऊच्या आसपास उतरला की तो पापुद्रा जातो आणि पाणी-हवा मिळाली की गंज सुरू होतो. गंज लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. घट्ट झाकणाच्या डब्यात हरभरे भिजत घातले तर काय होईल? झाकण उडेल. बीमखालचं काँक्रीट असंच उडतंय.

अल्ट्रासोनिक (काँक्रीट आतून किती भरीव आहे) आणि हाफ-सेल (सळीवरच्या विद्युत दाबावरून गंजाचा अंदाज) या चाचण्यांचे आकडे परिशिष्टात ठेवा. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचं रीडिंग म्हणजे तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, हे इंजिनीअरला सांगायचं. त्या आकड्याने आजवर एकाही खजिनदाराची झोप उडालेली मी पाहिली नाही.

पायरी ३: त्यांची व्हाउचरं, तुमची बेरीज

खजिनदारांना विनंती करा: "साहेब, मागच्या पाच वर्षांची दुरुस्तीची व्हाउचरं बघायला मिळतील का?" काही जण नाही म्हणतात. बहुतेक जण काढून देतात, कारण हिशेब नीट ठेवलाय हे दाखवायला कोणाला आवडत नाही?

त्या ३२ फ्लॅटच्या सोसायटीत सात व्हाउचरं निघाली. गच्चीवर केमिकल कोटिंग, तीन वेळा. डक्टमध्ये प्लास्टरचं ठिगळ. पार्किंगमध्ये सिलिंग पॅच. ३८,०००, ६१,५००, २२,०००, ८५,०००, २७,५००, ४४,०००, ७०,०००. एकूण ३,४८,००० रुपये. फ्लॅटमागे १०,८७५. यातला एकही आकडा माझा नव्हता. मी फक्त तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकासमोर 'ओल पुन्हा कधी आली' असा रकाना जोडला. तो रकाना मी कोरा ठेवला आणि भरायला त्यांनाच दिला.

'दुरुस्ती न करण्याचा खर्च' नावाचा तक्ता आजकाल सगळेच लावतात आणि त्यात पाच वर्षांनंतरचे फुगवलेले आकडे असतात. ते कोणाला पटत नाहीत, कारण ते भविष्यातले आणि तुमच्या सोयीचे असतात. झालेला खर्च नाकारता येत नाही. त्यावर त्यांचीच सही असते.

पायरी ४: आता ते पान लिहा

प्रपोजलचं पहिलं पान म्हणजे तुमच्या कंपनीची ओळख, मशिनरीची यादी आणि १९ सर्टिफिकेटं हा समज सोडा. पहिलं पान त्यांच्या इमारतीचं. तुमची ओळख शेवटून दुसरी.

आधी कसं लिहू नये ते बघा. हे माझंच, त्या ४२ पानांतलं:

'विषयांकित इमारतीमधील आरसीसी घटकांमध्ये मोठ्या प्रमाणावर डिस्ट्रेस आढळून आला असून तातडीने स्ट्रक्चरल रिहॅबिलिटेशन न केल्यास गंभीर परिणाम उद्भवू शकतात. सदर इमारतीस पॉलिमर मॉडिफाइड मॉर्टर व मायक्रोकाँक्रीट जॅकेटिंगची नितांत आवश्यकता आहे.'

यात काय चुकलं? 'मोठ्या प्रमाणावर' म्हणजे किती? 'गंभीर परिणाम' म्हणजे काय? आणि दुसऱ्या वाक्यात तर प्रॉब्लेम म्हणून आपला मालच विकलाय. 'जॅकेटिंगची (बीम-कॉलमभोवती नव्या काँक्रीटच्या कवचाची) आवश्यकता' हा प्रॉब्लेम नसतो, तो तुमचा उपाय असतो. प्रॉब्लेमच्या पानावर उपाय शिरला की वाचणाऱ्याला विक्रीचा वास येतो. हे पान असं लिहा की ते वाचून दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडूनही काम करून घेता येईल. त्याची भीती वाटते, मलाही वाटायची. पण ज्याने दुखणं नीट ओळखलं त्याच्याकडेच लोक औषधाला येतात, निदान बरेचदा.

आता त्या ३२ फ्लॅटवाल्यांसाठी लिहिलेलं:

'ए विंगच्या चौथ्या मजल्यावरील चारही घरांत पावसाळ्यात छताला ओल येते. एका घरात दर जुलैमध्ये कपाट पुढे ओढावे लागते. मागील पाच वर्षांत गच्चीवर तीन वेळा कोटिंग झाले. ओल परत आली (तक्ता १, सोसायटीच्या व्हाउचरवरून). ११ ऑगस्ट रोजी खजिनदार व कमिटीच्या दोन सदस्यांसोबत ए विंगच्या जिन्यातील व पार्किंगमधील २४ बीम ठोकून पाहिले. ९ बीमना पोकळ आवाज आला. त्यांपैकी एक सर्वांसमोर उघडला असता सळी गंजून तिच्याभोवतीचे काँक्रीट सुटलेले दिसले (फोटो ३). उरलेल्या ८ बीमच्या आत काय आहे हे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. बी विंगमधील १६ बीमपैकी एकालाही असा आवाज आला नाही. या स्थितीत वरून रंग दिल्यास गंज थांबणार नाही. ए विंगमध्ये सळीच्या रेषेत रंग पुन्हा फुटेल.'

क्रम बघा. आधी त्यांची तक्रार, त्यांच्या शब्दांत. मग सगळ्यांनी मिळून जे पाहिलं ते, तारीख आणि आकड्यांसकट. मग जे कळलेलं नाही ते. मग जे चांगलं आहे ते. आणि शेवटी त्यांनी मागितलेल्या गोष्टीचं, म्हणजे रंगाचं, काय होईल ते. त्यांनी रंग मागितला होता, म्हणून उत्तर रंगापर्यंत यायलाच हवं. नाहीतर 'आम्ही मागितलं एक आणि यांनी पाठवलं भलतंच' हा शेरा ठरलेला.

बी विंगबद्दलचं वाक्य काढून टाकायचा मोह होईल. आमच्या पार्टनरने तेच सुचवलं होतं: "अरे, अर्धं काम कशाला घालवतोस?" ते वाक्य ठेवलं म्हणूनच ए विंगवर विश्वास बसला. सगळंच खराब आहे म्हणणाऱ्या माणसाला लोक दुकानदार समजतात.

फोटोंचं थोडक्यात: जास्तीत जास्त सहा. प्रत्येकात जागा ओळखू आली पाहिजे, म्हणून एक लांबून आणि एक जवळून. सळीशेजारी स्टीलची पट्टी धरा. आणि मोबाइलमधली तारीख बरोबर आहे ना, ते आधी बघा.

पायरी ५: दोष आणि भीती, दोन्ही बाहेर ठेवा

तीन वर्षांपूर्वीचं कोटिंग निकृष्ट होतं हे तुम्हाला दिसतंय. लिहू नका. ते काम मंजूर करणारे तेव्हाचे सेक्रेटरी त्याच टेबलाशी बसलेत, नाहीतर त्यांचे व्याही बसलेत. तुमचं एक वाक्य त्यांना कोपऱ्यात ढकलतं आणि मग ते प्रॉब्लेम नाहीच हे सिद्ध करायला लागतात. माणूस आपली इमारत पडकी आहे हे एकवेळ मान्य करेल, पण आपण फसलो हे नाही. त्यांना सुटायला वाट द्या: 'कोटिंगने वरचं पाणी काही काळ अडलं; आत आधीच सुरू झालेल्या गंजावर त्याचा परिणाम होत नाही.' हे खरंही आहे आणि कोणाची मानही खाली जात नाही.

भीतीचं तसंच. प्रपोजलला कोसळलेल्या इमारतींचे पेपरातले फोटो लावणारे महाभाग आहेत. मुंब्र्याचा २०१३ चा फोटो हमखास असतो. ती इमारत बेकायदा होती आणि बांधकाम चालू असतानाच कोसळली होती. ७४ माणसं गेली. तिचा तुमच्या समोरच्या १९८५ च्या इमारतीतल्या गंजाशी काय संबंध? कमिटीत पेपर वाचणारा एक तरी असतोच आणि तो नेमकं हेच विचारतो. तुमची उरलेली खरी पानंही मग खोटी ठरतात. शिवाय मेलेल्या माणसांचा फोटो लावून कोटेशन द्यायचं, हे मला तरी पटत नाही.

कायद्याचा बडगाही जपून. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ३० वर्षं उलटलेल्या इमारतींना महापालिका कायद्याचं कलम '३५३ ब' (अशी तपासणी करून दाखला देण्याचं) लागू होतं. ही माहिती धमकी म्हणून लिहिली की कमिटी बंद होते. तीच सेक्रेटरींना वेगळ्या कागदावर द्या: "सभेत कोणी विचारलं की हे कशाला काढलंत, तर तुमच्या हाताशी असू द्या." आता तो नियम त्यांची ढाल झाला.

सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ ही वर्गवारी मात्र तुम्ही लिहू नका. इमारत रिकामी करायची की लोक राहत असताना दुरुस्त होईल, हे ठरवणारी ती अक्षरं आहेत. ते काम नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरचं. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरकडे नोकरीला असाल तर ऑडिट वेगळ्या माणसाकडून करून घ्या असं स्वतःहून सुचवा. मापं घेणारा आणि बिल लावणारा एकच नसावा, हे सोसायटीलाही पटतं.

पायरी ६: 'प्रॉब्लेम नाही'चे अर्थ

एवढं करूनही 'आम्हाला तसा काही प्रॉब्लेम वाटत नाही' येतंच. त्याचे अर्थ वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं.

बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'पैसे नाहीत' असा असतो. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीची राखीव रक्कम) ०.२५ टक्के धरतात. पण जुन्या सोसायट्यांत तो बांधकाम खर्च चाळीस वर्षांपूर्वीचा असतो, म्हणून साठलेली रक्कम आजच्या कामापुढे किरकोळ ठरते. खिसा रिकामा असला की माणूस दुखणं नाकारतो, डॉक्टरकडे न जाणारे आजोबा आठवा. अशा वेळी प्रॉब्लेम आणखी ठासून सांगून उपयोग नाही. काम टप्प्यांत तोडून द्या: या वर्षी गच्ची आणि ते ९ बीम, पुढच्या वर्षी डक्ट, रंग सगळ्यात शेवटी. झेपेल असा पहिला टप्पा दिसला की प्रॉब्लेमही दिसायला लागतो. हे उलटं वाटेल, पण मी अनेकदा अनुभवलंय.

दुसरा अर्थ: 'आम्ही रिडेव्हलपमेंटला जाणार आहोत.' ठाणे-डोंबिवली-पुण्यात आजकाल हे पहिलंच वाक्य असतं. इथे वाद घालू नका, प्रश्न विचारा. विशेष सभा झाली का? प्रकल्प सल्लागार नेमला का? पुनर्विकासाबद्दलच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातल्या पायऱ्यांपैकी कुठली गाठलीय? बहुतेक ठिकाणी उत्तर 'एक बिल्डर येऊन गेला' इथेच संपतं. मग शांतपणे म्हणा: "काका, ते होईल तेव्हा होईल. तोवर काय काय लागेल तेवढंच सांगतो." आणि खरोखर तेवढंच द्या: सैल भाग काढून टाकणं, लागेल तिथे टेकू, गच्चीची गळती. इथे पूर्ण जॅकेटिंग गळ्यात मारलंत तर दोन वर्षांनी इमारत पाडताना लोक तुमचं नाव काढतील, आणि चांगलं काढणार नाहीत.

तिसरा: 'दुसरा एक जण निम्म्यात करतो म्हणाला.' त्याला नावं ठेवू नका. त्याच्या कोटेशनमध्ये त्या ९ बीमचा उल्लेख आहे का, एवढंच बघायला सांगा. असेल आणि तरी निम्म्यात करत असेल, तर मीही त्यालाच द्या म्हणेन.

आणि कधी कधी 'प्रॉब्लेम नाही'चा अर्थ खरंच प्रॉब्लेम नाही असा असतो. मग रंगाचं कोटेशन द्या आणि रंग चांगला द्या.

पायरी ७: सभेत तुम्ही दुसरे बोला

कमिटीला पटलं म्हणजे झालं नाही. ठराव सर्वसाधारण सभेत होतो. तिथे बाहेरचा माणूस उठून 'तुमच्या इमारतीत गंभीर समस्या आहे' म्हणाला की मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, "यांचं कमिशन किती?" म्हणून आधी खजिनदार बोलू देत. व्हाउचरांचा तक्ता त्यांनी वाचावा, बीम ठोकल्याचं त्यांनी सांगावं. त्या ३२ फ्लॅटवाल्यांच्या सभेत खजिनदार हातोडी घेऊनच आले होते. मला जेमतेम दहा मिनिटं बोलावं लागलं, तीही परांची किती दिवस राहील यावर.

सभेच्या आठ दिवस आधी एक पानी मराठी मजकूर सेक्रेटरींना द्या. सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच फिरतो, तुमची पीडीएफ कोणी उघडत नाही. त्यात किंमत घालू नका. किंमत आधी गेली की चर्चा फक्त तिचीच होते.

नाहीच पटलं तर

पाठपुरावा दोनदा करा, तिसऱ्यांदा नको. पण तपासणीत खरोखर धोक्याचं काही दिसलं असेल, लटकता छज्जा, मुलं खेळतात तिथल्या स्लॅबचा सुटलेला भाग, तर ते प्रपोजलची वाट न बघता त्याच दिवशी वेगळ्या पत्राने कळवा. त्या पत्रात किंमत नाही, कंपनीची जाहिरात नाही. जागा, फोटो, 'खालून ये-जा बंद करावी' आणि पोच घ्यायची. काम मिळो वा न मिळो.

राहिलं वेळापत्रक. मार्चमध्ये गळतीचं प्रपोजल देऊ नका, तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि काकूंचं कपाट मागे गेलेलं असतं. पहिली भेट जुलैत, पाऊस चालू असताना. बीम ठोकणं आणि व्हाउचरं ऑगस्टमध्ये. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून पहिलं पान गणपतीच्या आसपास सेक्रेटरींच्या हातात हवं. परांची दिवाळीनंतर बांधायची. आणि हातोडी बॅगेत ठेवा, लाकडी दांड्याचीच.